कोडमधून नाद: ब्राउझरमधील तरंगनिर्मितीची प्रस्तावना

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबात होणारा जलद चढउतार. हा चढउतार काळाच्या अक्षावर मांडला असता जी वक्ररेषा मिळते, तिला तरंगाकार म्हणतात. संगणकाच्या लेखी ही वक्ररेषा म्हणजे आकड्यांची एक लांबच लांब मालिका असते: सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० अशा ठरावीक गतीने उणे एक आणि अधिक एक यांच्या दरम्यानचा एकेक आकडा ध्वनियंत्रणेकडे जातो, त्याचे विद्युतदाबात रूपांतर होते आणि त्या प्रमाणात स्पीकरचा पडदा पुढेमागे सरकतो. यांतील प्रत्येक आकड्याला नमुना आणि त्यांच्या गतीला नमुनादर म्हणतात. हे नमुने ध्वनिमुद्रणातून न उचलता आणि तयार सॉफ्टवेअरकडून न घेता, स्वतः लिहिलेल्या कोडमधून आणि तेही साध्या वेब ब्राउझरमध्ये निर्माण करणे हा प्रस्तुत पुस्तकाचा विषय आहे.

एका सेकंदाच्या ध्वनीसाठी चव्वेचाळीस हजारांहून अधिक आकडे हाताने लिहीत बसणे कोणालाच शक्य नसल्याने, या क्षेत्रातील सगळ्या पद्धती एकाच गरजेतून जन्मल्या आहेत: आकड्यांच्या या पसाऱ्याऐवजी त्यांचे आटोपशीर वर्णन शोधणे. कोणी ध्वनीतील घटकांची यादी देतो, कोणी तरंगाच्या एका आवर्तनाचा तक्ता देतो, कोणी सूत्र लिहितो, तर कोणी ध्वनी उत्पन्न करणाऱ्या वस्तूचेच गणिती प्रतिरूप उभे करतो. यांपैकी प्रत्येक वर्णन काही बदल एका आकड्याच्या फरकाने साध्य करून देते आणि काही बदल जवळजवळ आवाक्याबाहेर ठेवते. त्यामुळे कोणता ध्वनी सहज सुचेल आणि कोणता कधी सुचणारच नाही, हे वर्णनाची रीत निवडतानाच बरेचसे ठरून जाते. या पुस्तकाची मांडणी याच विचाराभोवती झाली आहे.

सर्वांत जुनी रीत फ्रेंच गणितज्ञ जोसेफ फूरिए यांच्यापर्यंत पोहोचते. उष्णतेच्या वहनाचा अभ्यास करताना १८०७ मध्ये त्यांनी मांडलेल्या आणि १८२२ च्या ग्रंथात विस्ताराने सांगितलेल्या सिद्धान्तानुसार, ठरावीक काळाने पुनरावृत्त होणारा कोणताही वक्र हा निरनिराळ्या वारंवारतांच्या साइन लहरींची, म्हणजे सर्वांत साध्या व गुळगुळीत लहरींची, बेरीज म्हणून लिहिता येतो. या लहरींच्या वारंवारता मूळ वारंवारतेच्या एकपट, दुप्पट, तिप्पट, चौपट अशा पटीत असतात आणि त्यांना उपस्वर म्हणतात. तंबोऱ्याच्या सुरात मन लावून ऐकणाऱ्याला जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाच्या तारेचा पाचवा उपस्वर होय. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, दोन वाद्यांवर एकच स्वर वाजला तरी कानाला जो फरक जाणवतो, म्हणजेच ज्याला नादगुण म्हणतात, तो मुख्यतः या उपस्वरांच्या कमीअधिक बळावर अवलंबून असतो हे दाखवले, आणि विजेवर चालणारे नादकाटे एकत्र वाजवून स्वरवर्णांसारखे ध्वनी निर्माण केले. पुढे अमेरिकी संशोधक थॅडिअस केहिल यांनी १८९७ मध्ये पेटंट मिळवलेल्या आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ऐकवलेल्या टेलहार्मोनियम या सुमारे २०० टनांच्या यंत्रात हेच तत्त्व फिरत्या विद्युतजनित्रांच्या साहाय्याने राबवले गेले, आणि त्याचा आवाज टेलिफोनच्या तारांवरून श्रोत्यांपर्यंत पोहोचवला गेला. उपस्वरांची बेरीज करून ध्वनी घडवण्याच्या या रीतीला योगात्मक संश्लेषण म्हणतात.

संगणकाने नमुने मोजून ध्वनी निर्माण करण्याची परंपरा सुरू झाली ती अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत. तेथील अभियंता मॅक्स मॅथ्यूज यांनी लिहिलेल्या ‘म्युझिक’ या प्रोग्रॅमने १९५७ मध्ये आयबीएम ७०४ या संगणकाच्या साहाय्याने न्यूमन गटमन यांची अवघ्या १७ सेकंदांची रचना वाजवली. त्या प्रोग्रॅमला एका वेळी एकच स्वर आणि त्रिकोणी तरंग एवढेच येत होते. दुसऱ्या आवृत्तीत तरंगाचे एक आवर्तन आधीच मोजून तक्त्यात साठवायचे आणि हव्या त्या वेगाने तो तक्ता पुन्हा पुन्हा वाचायचा, ही युक्ती आली, आणि आजच्या बहुतेक डिजिटल वाद्यांचा पाया तीच आहे. १९६० च्या सुमारास आलेल्या तिसऱ्या आवृत्तीने आणखी दूरगामी कल्पना दिली: ध्वनीचा प्रोग्रॅम हा लहरजनक, बेरजेचे साधन, गाळणी, आवाजाचा चढउतार ठरवणारे साधन अशा लहान घटकांची जोडणी म्हणून लिहावा. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटीत बॅरी व्हर्को यांनी घडवलेली सीसाउंड, मिलर पकेट यांची मॅक्स आणि प्युअर डेटा, तसेच १९९६ मध्ये जेम्स मॅकार्टनी यांनी प्रसिद्ध केलेली सुपरकोलायडर या सगळ्या भाषा आणि वातावरणे याच कल्पनेचे वंशज आहेत, आणि आज प्रत्येक ब्राउझरमध्ये असलेली ध्वनियंत्रणाही त्याच घराण्यातील आहे.

योगात्मक रीतीच्या नेमकी उलट असलेली वजावटीची रीत १९६० च्या दशकात रॉबर्ट मूग आणि डॉन बुक्ला यांच्या विद्युतदाबावर चालणाऱ्या सिंथेसायझरांमुळे रूढ झाली. करवती तरंगात सगळे उपस्वर असतात आणि त्यांचे बळ क्रमांकाच्या व्यस्त प्रमाणात घटत जाते. चौकोनी तरंगात फक्त विषम क्रमांकाचे उपस्वर असतात. अशा भरगच्च तरंगातून गाळणीच्या साहाय्याने नको तो भाग काढून टाकायचा आणि ती गाळणी वाजतावाजता उघडत-मिटत ठेवायची, हे या घराण्याचे सूत्र आहे. त्याचा फायदा असा की दोनतीन नियंत्रणांतून ध्वनी जिवंत वाटू लागतो. मर्यादा अशी की जे मूळ तरंगात नाही ते गाळणीतून निघू शकत नाही.

स्टॅनफर्ड विद्यापीठातील जॉन चाउनिंग यांना १९६७ मध्ये सापडलेली आणि १९७३ च्या शोधनिबंधातून जगापुढे आलेली वारंवारता-मॉड्युलेशनची रीत सूत्राच्या घराण्यात मोडते. एका लहरीने दुसऱ्या लहरीची वारंवारता अतिशय वेगाने वरखाली हलवली की दुसरीच्या दोन्ही बाजूंना नव्या वारंवारतांची रांग उभी राहते. दोन्ही वारंवारतांचे गुणोत्तर साधे असेल तर स्वर सुरेल लागतो, नसेल तर घंटेसारखा किंवा धातूसारखा ध्वनी येतो. दोन लहरी आणि एक गुणांक एवढ्याच सामग्रीत पितळी वाद्यांची वाढती झळाळी साधता येत असल्याने यामाहा कंपनीने ही रीत उचलली, आणि १९८३ मध्ये बाजारात आलेल्या डीएक्स७ मुळे ती जगभरच्या लोकप्रिय संगीतात पोहोचली. त्याच वर्षी केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांनी छेडलेल्या तारेची विलक्षण सोपी कृती प्रसिद्ध केली: सुमारे दोनशे यादृच्छिक आकडे एका रांगेत भरायचे, पहिला आकडा ध्वनीकडे पाठवायचा, तो आणि त्यामागचा यांची सरासरी रांगेच्या शेवटी टाकायची आणि हे रहाटाच्या पोहऱ्यांप्रमाणे अखंड फिरवत ठेवायचे. ४४,१०० च्या नमुनादराने यातून साधारण २२० हर्ट्झचा, हळूहळू मऊ होत विरणारा तारेचा आवाज मिळतो. वस्तूच्या भौतिक वर्तनाचे प्रतिरूप उभारणाऱ्या शाखेचे हे सर्वांत छोटे उदाहरण होय. ज्युलिअस स्मिथ यांनी तिला पुढे भक्कम सैद्धान्तिक बैठक दिली. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला बाइटबीट हा प्रकार उभा आहे: फिनलंडच्या व्हिले-मटियास हेइकिला यांनी २०११ मध्ये पुढे आणलेल्या या प्रकारात काळ दर्शवणाऱ्या एका चलाचे ओळभर सूत्र लिहायचे, आणि त्याच्या उत्तरांनाच थेट ध्वनीचे नमुने मानून जे काही ऐकू येईल ते स्वीकारायचे असते.

या सगळ्या रीतींना एक समान शिस्त पाळावी लागते. नमुनादराच्या निम्म्याहून अधिक वारंवारता डिजिटल ध्वनीत मावत नाही, आणि कोडने ती जबरदस्तीने घातली तर ती नाहीशी न होता खाली परतून भलत्याच जागी प्रकट होते. या दोषाला एलियासिंग म्हणतात. ३,००० हर्ट्झचा करवती तरंग केवळ शाळेतील भूमितीने, सरळ रेषा आणि उभी उडी असा काढला, तर त्याचा पंधरावा उपस्वर ४५,००० हर्ट्झचा ठरतो आणि ४४,१०० च्या नमुनादरात तो ९०० हर्ट्झ म्हणून, म्हणजे मूळ स्वराच्याही खाली, ऐकू येतो. पडद्यावर निर्दोष दिसणारा आकार कानाला बेसूर का लागतो, याचे उत्तर अनेकदा येथेच सापडते, आणि म्हणून तरंगाचे चित्र काढता येणे ही तरंगनिर्मितीची पुरेशी तयारी ठरत नाही.

ब्राउझर या परंपरेत उशिरा सामील झाला. वेबच्या सुरुवातीच्या काळात ध्वनी फ्लॅशसारख्या बाहेरून जोडलेल्या साधनांवर अवलंबून होता, आणि एचटीएमएल५ मधील ध्वनिघटकाने ते परावलंबन संपवले तरी त्याचे काम तयार फाइल वाजवण्यापुरतेच होते. २०१० च्या आसपास यावर दोन भिन्न उत्तरे पुढे आली. मोझिलाच्या प्रयोगाने जावास्क्रिप्टला प्रत्यक्ष नमुनेच वाचू-लिहू दिले. गूगलमधील क्रिस रॉजर्स यांच्या प्रस्तावाने मात्र मॅथ्यूज यांच्या धर्तीवर तयार घटक देऊन त्यांची जोडणी तेवढी प्रोग्रॅमरकडे सोपवली. पहिल्यात मोकळीक होती पण त्या काळच्या यंत्रांवर आवाज तुटण्याचा धोका होता. दुसऱ्यात वेग आणि स्थैर्य होते पण घटकाच्या आत डोकावता येत नव्हते. वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम या मानकसंस्थेने दुसरा मार्ग स्वीकारून डिसेंबर २०११ मध्ये वेब ऑडिओ एपीआयचा पहिला मसुदा प्रसिद्ध केला. मे २०१२ मध्ये रॉबर्ट मूग यांच्या जन्मदिनी गूगलने मुखपृष्ठावर ठेवलेला वाजता सिंथेसायझर हा या नव्या यंत्रणेचा सामान्य वापरकर्त्यांना झालेला पहिला मोठा परिचय म्हणता येईल. २०१८ पासून क्रोममध्ये आणि नंतर इतर ब्राउझरांमध्ये आलेल्या ऑडिओवर्कलेटने, घटकांच्या जोडणीत स्वतः नमुने लिहिणारा घटक बसवण्याची मुभा देऊन, त्या दोन भूमिकांचा मेळ घातला, आणि जून २०२१ मध्ये संपूर्ण यंत्रणेला अधिकृत शिफारशीचा दर्जा मिळाला.

आज ब्राउझरमध्ये स्वतःचा तरंग घडवण्याचे तीन मुख्य मार्ग आहेत आणि ते वर वर्णिलेल्या घराण्यांशी जुळतात. पहिल्या मार्गात उपस्वरांच्या बळांच्या दोन याद्या, एक कोसाइन घटकांची आणि एक साइन घटकांची, दिल्या की ब्राउझर त्यांतून पीरिऑडिकवेव्ह नावाची वस्तू तयार करतो, ती ऑसिलेटरला जोडता येते आणि एलियासिंगची काळजी बरीचशी ब्राउझरच वाहतो. दुसऱ्यात आकड्यांचा तक्ता ऑडिओबफरमध्ये भरून तो एकदा किंवा सलग फिरवून वाजवला जातो. येथे तरंगाचा आकार पूर्णपणे लिहिणाऱ्याच्या हाती असतो, पण वारंवारता बदलताना येणारे दोषही त्याच्याच माथी येतात. तिसऱ्यात ऑडिओवर्कलेटमधील प्रक्रिया स्वतंत्र धाग्यावर चालते आणि तिला प्रत्येक खेपेस १२८ नमुने भरून द्यावे लागतात. ४४,१०० च्या नमुनादराने त्यासाठी सुमारे २.९ मिलिसेकंद मिळतात, आणि तेवढ्यात काम उरकले नाही तर आवाज तुटतो. कार्प्लस-स्ट्राँगची रांग किंवा बाइटबीटचे सूत्र प्रत्यक्षात उतरवण्यासाठी हाच मार्ग स्वाभाविक ठरतो. या पायावर टोन डॉट जेएससारखी ग्रंथालये आणि कार्यक्रम चालू असतानाच कोड बदलून संगीत सादर करण्यासाठी असलेले स्ट्रूडलसारखे वातावरण उभे राहिले आहे.

भारतीय नादाच्या संदर्भात हा विषय परका नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये भारतीय चर्मवाद्यांवरील शाईमुळे त्यांचे उपस्वर पूर्णांकी पटीत येतात हे दाखवले, आणि पुढच्या वर्षी तंबोरा व वीणा यांच्या रुंद, वक्र घोडीमुळे तारेच्या कंपनात एरवी अपेक्षित नसलेले उपस्वरही उमटतात हे नोंदवले. त्याआधी १९१० मध्ये कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींवरील आपल्या इंग्रजी ग्रंथात स्वरांची गुणोत्तरे मोजून मांडली होती. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ मध्ये अमेरिकी संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांच्या साहाय्याने मूग सिंथेसायझर असलेला स्टुडिओ उभा राहिला आणि गीता साराभाई यांच्यासारख्या संगीतज्ञांनी तेथे काम केले. मात्र बाजारात आलेल्या बहुतेक वाद्यांनी बारा समान स्वरांची पट्टी गृहीत धरली, आणि त्या पट्टीतील गंधार तंबोऱ्यातील स्वयंभू गंधारापेक्षा ऐकू येण्याइतका चढा असतो: नैसर्गिक गुणोत्तर १.२५, तर पट्टीचे साधारण १.२६. कोडमध्ये वारंवारता हा केवळ एक आकडा असल्याने हा अडसर तेथे मुळात उद्भवत नाही.

तंबोरा हे या पुस्तकाच्या दृष्टीने कसोटीचे उदाहरणही आहे. जवारी लावलेल्या, म्हणजे घोडीला हलकेच घासत राहील अशी जुळवलेल्या, तारेचा नादगुण छेडल्याच्या क्षणापासून विरेपर्यंत सतत बदलत राहतो आणि उपस्वरांचा झोत जणू तारेवरून सरकत असल्याचा भास होतो. त्यामुळे एका आवर्तनाचे वर्णन कितीही अचूक असले तरी ते सलग वाजवल्यावर निर्जीव भोंग्यासारखे लागते. प्रत्येक उपस्वराला स्वतंत्र चढउतार दिला तर यादी लांबते पण ध्वनी जवळ येतो. तारेचे प्रतिरूप उभारून तिला घोडीला घासू दिले तर मोजके आकडे पुरतात, पण त्यांतील कोणता आकडा जवारी ‘खुली’ करतो हे कानानेच शोधावे लागते. जवारी लावणारा कारागीर घोडीवर कानस फिरवत आणि तारेखालचा दोरा सरकवत जे साधतो, त्याचे कोणते वर्णन खरे, या प्रश्नाला एकच उत्तर नाही.

आजच्या घडीला या विषयाचे महत्त्व दुहेरी आहे. साध्या मोबाइलवरही चालणारे, विनामूल्य आणि सर्वत्र सारखे असलेले ध्वनिनिर्मितीचे साधन यापूर्वी कधी विद्यार्थ्यांच्या हाती नव्हते. भौतिकशास्त्रातील तरंग, गणितातील त्रिकोणमिती आणि संगीतातील स्वरविचार एकाच पानावर ऐकून तपासता येण्याची सोय शाळा-महाविद्यालयांनी अद्याप पुरेशी ओळखलेली नाही. दुसरीकडे, ध्वनिमुद्रणांच्या प्रचंड साठ्यांवर प्रशिक्षित झालेल्या प्रणाली आता एका वाक्यावरून तयार ध्वनी पुरवतात. तो ध्वनी अनेकदा चांगलाही असतो, परंतु तो तसाच का लागतो याचे वाचता येण्याजोगे वर्णन त्यासोबत मिळत नाही. कोडने लिहिलेला तरंग मात्र आपले कारण आपल्यासोबत बाळगतो: त्यातील प्रत्येक आकडा दाखवता येतो, बदलता येतो आणि त्यावर वादही घालता येतो.

प्रस्तुत पुस्तक सर्वसमावेशक संदर्भग्रंथ होण्याचा प्रयत्न करत नाही. शालेय त्रिकोणमिती आणि जावास्क्रिप्टची प्राथमिक ओळख असलेल्या वाचकाला एकच ध्वनी निरनिराळ्या वर्णनांतून घडवायला लावणे आणि त्या वर्णनांची बळे व उणिवा त्याच्या कानापर्यंत पोहोचवणे, एवढाच त्याचा हेतू आहे. म्हणून येथे वाद्यांच्या हुबेहूब नकलेपेक्षा तुलनेला, आणि तयार ग्रंथालयांपेक्षा ब्राउझरच्या मूळ यंत्रणेला प्राधान्य दिले आहे. ध्वनिमिश्रण, ध्वनिमुद्रणाचे तंत्र आणि संगीतरचना हे विषय जाणीवपूर्वक बाहेर ठेवले आहेत. परिभाषेत जेथे संगीताच्या परंपरेत रुळलेला शब्द उपलब्ध आहे तेथे तो घेतला आहे, आणि जेथे प्रोग्रॅमरांच्या बोलण्यात इंग्रजी शब्दच पक्का बसला आहे तेथे तो तसाच ठेवला आहे.

वाचकाला दोन सूचना आवश्यक वाटतात. बहुतेक ब्राउझर वापरकर्त्याने पानावर क्लिक किंवा स्पर्श केल्याशिवाय ध्वनी सुरू होऊ देत नाहीत, त्यामुळे पहिलाच प्रयोग मुका राहिला तर चूक सूत्रात शोधण्यापूर्वी तेथे शोधावी. आणि सूत्रातील एका चुकीच्या चिन्हामुळे तरंग क्षणात कमाल आयामाला पोहोचू शकत असल्याने, नवा कोड प्रथम हेडफोन कानाबाहेर ठेवून व आवाज अगदी कमी करून चालवावा. एवढी काळजी घेतल्यावर प्रत्येक उदाहरणातील एक आकडा बदलावा, काय ऐकू येईल याचा अंदाज आधी लिहून ठेवावा आणि मगच ते वाजवावे. हे पुस्तक नुसते वाचून समजणारे नाही.